बेलभंडार कार्डाचा

"हॅलो?… बोल दुर्गे. थांब, टेप बंद करते…"

कीर्तन ऐन रंगात आलं होतं, तरी कौसल्याबाईंनी कॅसेट थांबवली. राजूरहून धाकट्या बहिणीचा भरदुपारी फोन आला, की जालन्यात त्या हातातलं काम तसंच टाकून फोन घ्यायच्या.

"काय मिटलं?… तुझ्या सत्यशीलाचं? हो, हो, ठाऊक हाय. तू मोबाइलच्या कार्डात कीर्तनं भरायला दिली, अन् त्या दुकानदारानं त्यातला पोरीचा फोटो काढून घेतला. तोंड तिचं, अंग भलत्याच बाईचं जोडून धमकावत होता… मंग मिटलं कसं?

…गणपतीपुढं बेलभंडार उचलून शपथ घेतली त्यानं? काय म्हणून?… 'फोटोचं कार्ड देतो, दुसरं कार्ड माझ्याजवळ न्हाई'…

अगं ऐक ना. शपथ खरी असंल त्याची. पण त्यानं कार्डाची घेतली. दुकानातल्या कॉम्प्युटरची घेतली का?… तसं न्हाई गं. फोटो कार्डातबी राहतो अन् तिकडंबी राहतो. आमच्या बचत गटात पोलीसबाई आल्त्या, त्यांनी डोळ्यांदेखत दाखवलं…

बरं, कार्ड आणायला कोण गेलं?… सत्यशीला? एकटी?… त्यानं 'एकटी ये' म्हणलं, अन् तू धाडली?

…देवानंदला सांगितलं का?… बाप हाय तिचा. कॉलेज बंद करंल ते मागून बघू. आधी पोरीला फोन लाव, माघारी फिर म्हणा… काढून घेतला तिचा फोन? कधी?… अगं, तिच्या भल्यासाठीच घेतलास, पण आता तिला सांगायचं कसं?

…काय वाजलं तिकडं?… तिचाच फोन? कपाटातून काढ. बघ काय आलंय.

…फोटो? कुणाचा?… कोणता ड्रेस?… हिरवा? आज घालून गेली तोच?… रडती का फोटोत?… मागं काय दिसतंय?… शटर. खाली वढलेलं…"

कौसल्याबाईंनी खुंटीवरची पिशवी काढली.

"खाली काय लिवलंय? एकेक अक्षर लावून वाच… 'कार्ड दिलं. आता ह्या फोटोसाठी येत जा.'

दुर्गे, पुसू नको तो. शरम वाटू दे, पण पुसू नको. त्याचा नंबर हाय त्याच्यावर, येळ हाय. मी घेऊन जाते पोलिसात, तुझ्या दारात पोलीस येणारबी न्हाई… ऐकून राह्यली ना?… दुर्गे?

…पुसला?"

टेबलावर कॅसेटचं रिकामं खोकं होतं. त्यांनी ते उगाच उघडलं, परत लावलं.

"…असू दे. असू दे गं. आता फोनमधलं दुसरं काहीच पुसू नको… दार वाजून राह्यलं का? तीच असंल. जा, उघड. अन् कार्ड आणलं का, असं पहिलं विचारू नको. काहीच विचारू नको. जवळ घे… फोन ठेवू नको, नुसता बाजूला ठेव."

फोनमधून कडी निघाल्याचा आवाज आला. मंदिरातला चतुर्थीचा घंटानाद आत शिरला. मग कुणाचंतरी बारीक बोलणं,

"कार्ड आणलं, आई."

अन् लाइन गेली.