माणसांची कॅसेट

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. माणसाला जपायचं म्हणजे त्याच्या जवळ जायचं, की त्याच्यापासून लांब राहायचं? पुढच्या रांगेतले आजोबा म्हणतायत – जवळ. बरोबर. आणि मागून कोण म्हणालं, ते माणसावर अवलंबून आहे म्हणून? वहिनी, तुमच्या सासूबाई आल्यात का आज? – शेजारीच बसल्यात? मग हा विषय इथंच थांबवू.

आता कीर्तनाचा उत्तररंग, म्हणजे गोष्ट. तुम्हाला वाटलं असेल, बुवा नेहमीसारखे एखाद्या राजाला वनवासाला धाडतील. आज राजा नाही, वनवास नाही. आज आख्यान आहे व्हिडिओ गेमचं! – हसा, हसा. आमच्या पेटीवरच्या केळकरांनी तर भाताच सोडला. पण ऐका, कारण आख्यानात माणसं तुमच्याआमच्यातलीच आहेत.

गाव देवरुख. तिथले मुळ्ये. वडील पोस्टात, आई घरात, आणि भावंडं दोन – थोरली कुंदा, धाकटा सुहास. घरात टीव्ही नवीनच आलेला. काळा-पांढरा, लाकडी शटरचा, वर भरतकामाचा रुमाल. चित्र दिसायला एकानं कौलावर चढून अँटेना फिरवायचा. "आलं का?" – "नाही." – "आता?" – "आलं, आलं... गेलं." अहो, त्या काळात बातम्या बघण्यापेक्षा बातम्या आणण्यातच निम्मी संध्याकाळ जायची.

यांचा मामा बोटीवर होता. त्यानं एका सुट्टीत एक यंत्र आणलं. टीव्हीला जोडायचं, वरच्या खाचेत कॅसेट खुपसायची, की पडद्यावर खेळ चालू. मूळचा हा खेळ मोठ्या शहरांत कपाटाएवढ्या यंत्रावर असायचा. त्याला दोन दांडे. डाव्या हातानं आपला बाहुला चालवायचा, उजव्या हातानं गोळ्या मारायच्या, सगळं एकाच माणसानं. घरच्या यंत्राला मात्र दोन सुट्या डब्या आणि प्रत्येकीवर एक दांडा. दांडा ओढला की डबीच उचलून यायची! म्हणजे एका हातानं डबी धरायची, दुसऱ्यानं दांडा. झालं, दोन्ही हात संपले. दोन्ही डब्या बसवायचा एक ट्रे म्हणे त्याबरोबर यायचा. तो ट्रे आणि खेळाचं पुस्तक मामा बोटीवरच विसरला.

मग काय करायचं? सुहासनं तोड काढली. "ताई, तू चाल. मी मारतो."

"मीच का चालायचं?"

"तुला मारता येत नाही म्हणून."

कुंदा मोठी होती, समजूतदार होती, आणि थोरल्या बहिणींचं काय होतं ते इथं बसलेल्या थोरल्या बहिणींना मी सांगायला नको. ती चालवायला लागली. सगळीकडून यंत्रमानव अंगावर यायचे. ती वाट काढायची, हा गोळ्या झाडायचा. जिंकले की हा ओरडायचा – मी जिंकलो! हरले की – ताई, तू नीट चालली नाहीस. आई आतून म्हणायची, "तुमचं ते ठ्यांव ठ्यांव बंद करा, टीव्हीची काच तापेल."

आता मंडळी, इथं कान द्या. त्या यंत्रमानवांच्या गर्दीत काही माणसंही फिरायची. साधी माणसं, हातात शस्त्र नाही. एक बाई, एक पुरुष, एक लहान पोरगा. या दोघांनी त्यांना नावं ठेवली होती – काकू, काका आणि बंड्या. खेळाचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. ते घरात कुणालाच म्हणता यायचं नाही. म्हणून घरात त्याचं नाव पडलं माणसांची कॅसेट.

पहिल्याच दिवशी कुंदाचा बाहुला चुकून काकूंवर गेला. काकू गायब! त्या जागी एक पांढरा फराटा उमटला आणि विझला.

"मेल्या," सुहास म्हणाला.

"माझ्यामुळे?" कुंदाचा चेहराच उतरला. "हात लागला की मरतात वाटतं ही."

"मग लांबून जा ना."

झालं! यंत्रमानवाचा धक्का लागला तरी माणूस गायब, आपला लागला तरी गायब. पोरांनी ठरवून टाकलं की दोन्ही एकच. आणि त्या दिवसापासून कुंदा काय जपायची त्या माणसांना! काकू डावीकडून आल्या की ही उजवीकडून. अगदीच जवळून जावं लागलं तर म्हणायची, "सॉरी हं काकू." स्वतःचा बाहुला मरू द्यायची, पण बंड्याला धक्का लागू द्यायची नाही. सगळी सुट्टी दोघांनी असं खेळून काढली आणि त्याचा अभिमान बाळगला. फार पुढे मात्र कधी जाता आलं नाही. का जाता येत नाही, ते दोघांनाही कळलं नाही.

दिवस गेले. कुंदाचं लग्न झालं, ती चिपळूणला गेली. यंत्र माळ्यावर गेलं, आणि माळा साफ करताना कधी कुणाला देऊन टाकलं ते आईलाही आठवेना. सुहास पुण्याला आला, भोसरीत नोकरी, मेधाशी लग्न, सगळं यथास्थित. भावंडांचं येणंजाणं छान होतं. कुंदाचे यजमान यशवंतराव म्हणजे दिलदार माणूस. सुहास आला की स्वतः बाजारात जाऊन मासळी आणायचे, आणि मुळ्यांचा हा मुलगा खातो हे देवरुखात कुणाला सांगायचे नाहीत.

ते यशवंतराव एका सकाळी अंगणात पडले ते उठलेच नाहीत.

सुहास तेव्हा कंपनीच्या कामासाठी परराज्यात. तो पोचेपर्यंत कुणी थांबणं शक्य नव्हतं. त्यानं ठरवलं, दहाव्याला जाऊ. तेवढ्यात नलूमावशीचा फोन आला. मावशी मायेचीच, वाईट हेतू काही नाही. म्हणाली, "कुंदा फार हळवी झालीय रे. माहेरचं माणूस दिसलं की कोसळते. आत्ता कुठे जरा सावरतेय."

सुहासनं ते मनाला लावून घेतलं. मेधा म्हणाली, "अहो, चला ना, भाऊ तुम्ही तिचे." तर हा म्हणाला, "तू जाऊन ये. मला बघून तिला आणखी त्रास होईल. जरा सावरू दे, मग मी जातो."

सांगा, यात वाईट काय होतं? माया होती की नाही? होती. थोडी भीतीही होती, तीही सांगायला हवी. बहिणीला रडताना बघायची ताकद त्याच्यात नव्हती, आणि त्या भीतीला त्यानं काळजीचं नाव दिलं. आपणही देतो.

दहावा गेला. मग वाटलं, वर्षश्राद्धाला जाऊ. त्या वेळी वाटलं, नुकती बरी असेल, कशाला खपली काढा. मधे भाऊबीज आली होती, तेव्हा म्हणाला, यंदा तिच्याकडे सण नाही. पुढच्या भाऊबीजेला सण होता, पण आता याला लाज वाटायला लागली. दहाव्याला गेलो नाही, आता फराळ खायला कुठल्या तोंडानं जाऊ? फोन कमी झाले. मग नुसते निरोप राहिले – शुभ दीपावली, खाली पणतीचं चित्र. सकाळी गुलाबाचं फूल आणि शुभ प्रभात. फूल पाठवलं की आपण बोललो असं वाटतं, नाही का हो? बहिणीचंही फूल यायचं. दोन्हीकडून फुलंच फुलं.

अशा किती दिवाळ्या गेल्या. आणि एके दिवशी पुण्याच्या जुन्या बाजारात, फुटक्या मिक्सरच्या आणि कुलपांच्या ढिगात, सुहासला ते यंत्र दिसलं. तेच! पिशवीत कॅसेट, दोन्ही डब्या, आणि लहानपणी ज्याचं नुसतं नाव ऐकलं होतं तो ट्रेसुद्धा. गडी लहान पोरासारखा घरी आला. एका ओळखीच्या मेकॅनिककडून वायरी बदलून घेतल्या. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मोठ्या रंगीत टीव्हीला यंत्र लावलं. ट्रेमध्ये दोन्ही डब्या खटकन बसल्या. डाव्या हाताला एक दांडा, उजव्या हाताला एक. आता कुणाची गरज नाही! मंडळी, आपल्या सगळ्यांच्याच घरी आता हा ट्रे आलाय, दिसत नाही इतकंच.

खेळ चालू झाला. आणि गंमत बघा – उजवा हात तरबेज, डावा हात ठार अडाणी! मारायला येत होतं, पण चालायला ताई होती ना. याला चालताच येईना. भेलकांडत गेला तो सरळ काकूंच्या अंगावर.

काकू गायब. पन्नाशीचा माणूस 'सॉरी हं काकू' म्हणून गेला हो!

पण या टीव्हीवर चित्र स्वच्छ होतं. तिथं फराटा नव्हताच, आकडा होता. हजार गुण मिळाले होते. आणि एक गोड आवाज झाला, जो जुन्या टीव्हीच्या खरखरीत कधी ऐकूच आला नव्हता. सुहासला कळेना. तो मुद्दाम काकांवर गेला. आणखी मोठा आकडा. बंड्यावर गेला, त्याहून मोठा. मेधा कपड्यांच्या घड्या घालत होती. ती सहज म्हणाली, "अहो, वाचवायचंच असतं ना त्यांना? तुम्ही पोचलात की ती सुटतात."

"ती मरतात," सुहास म्हणाला.

"तुम्ही गेला नाहीत तर मरतात. ते बघा, त्या यंत्रानं धरलं एकाला."

सुहासनं दांडे सोडले. पडद्यावर त्याचा बाहुला मेला. आधी हसू आलं – अख्खी सुट्टी आपण त्या माणसांना वाचवायचं सोडून वळसा घालत होतो! ताईला सांगायलाच हवं म्हणून त्यानं फोन उचलला. त्यात तिचं नाव उघडलं. वर तेच गुलाबाचं फूल होतं, परवाचं. आणि बोट पुढे जाईना. मंडळी, त्या क्षणी काय कळलं त्याला, ते मी सांगू? नको. तुमचे चेहरे सांगतायत.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून गडी स्वारगेटवरून चिपळूणच्या एसटीत बसला. वाटेत मनात एकच – ताई रडेल, ओरडेल, कदाचित दारातून परत पाठवेल. काहीही करू दे, तयारी आहे.

दार कुंदानंच उघडलं. केस पांढरे झालेले, चष्मा जाड. तो सावरून तिनं बघितलं. मग म्हणाली, "सुहास? ये ना."

ऐकलंत? सुहास म्हणाली! जन्मभर जी सुह्या म्हणाली, ती सुहास म्हणाली. आत बसवलं. पंखा लावला. पाणी आणलं, चहा केला, कपाटातल्या चांगल्या कपबशीत. बशीत चिवडा. "प्रवास बरा झाला ना? मेधा कशी आहे?" पावटे सोलत बसली होती, ते पुढे घेतले. यानं मदतीला हात घातला तर म्हणाली, "राहू दे, तुझे हात खराब होतील."

यानं कॅसेटची गोष्ट सांगितली. खूप रंगवून सांगितली. तिनं ऐकलं, जरा हसली. म्हणाली, "हो का? मी सॉरी म्हणायचे काकूंना, नाही?" आणि पुन्हा पावटे सोलायला लागली.

शेवटी त्याच्यानं राहवेना. "ताई, मी आलो नाही. मला वाटलं, मला बघून तुला त्रास होईल. मावशी म्हणाली होती, माहेरचं माणूस दिसलं की तू कोसळतेस."

"खरंच कोसळायचे," कुंदा म्हणाली. आवाज अगदी शांत. "मेधा आली तेव्हा तिच्या खांद्यावर किती वेळ होते, विचार तिला. इथं घरात सासूबाई होत्या, त्यांचा मुलगा गेला होता. माझी पोरगी मनाली बारावीत होती. त्यांच्यापुढं मी कुठं रडणार? मला वाटायचं, सुह्या येईल तेव्हा पोटभर रडेन. दहाव्याला आला नाहीस. मग वर्षश्राद्धाला येशील म्हणून धरून ठेवलं. मग भाऊबीजेला. पुढे कधीतरी सवयच झाली रे. आता रडू नाही येत. आई गेली तेव्हासुद्धा आलं नाही, तू होतास ना तिथं, तू बघितलंस की."

त्यानं बघितलं होतं. देवरुखात, आईच्या वेळी, पाहुण्यांच्या गर्दीत, दोघं दोन खोल्यांत होती. ताई किती खंबीर आहे, असं तो तेव्हा मेधाला म्हणाला होता.

आता हा रडायला लागला. ढसाढसा. तिनं पावटे बाजूला ठेवले. मग उठून पाण्याचा पेला आणून ठेवला आणि विचारलं, "तुझी परतीची गाडी कितीची आहे?"

"ताई, आज राहू का?"

बहिणीच्या घरात, मंडळी! ज्या घरात न विचारता डबे उघडून लाडू खाल्ले, त्या घरात 'राहू का' असं विचारायची वेळ आली. "राहा की," ती म्हणाली. "कोण नको म्हणतंय." आणि पाहुण्यांसाठी ठेवलेली धुतलेली चादर शोधायला आत गेली.

तुम्हाला वाटतंय, बुवा आता तिला रडवतील. दोघं गळ्यात पडतील आणि आपण टाळ्या वाजवू. माझ्या हातात असतं तर मी तिला नक्की रडवलं असतं, पेटीवाल्यांनीही साथ केली असती. पण गोष्ट झाली तशीच सांगायला हवी. सुहास आता दर महिन्याला जातो. ती चहा करते, दोघं बोलतात. परवा भांडलीसुद्धा म्हणे थोडी, ते मला बरं वाटलं. रडली मात्र नाही अजून.

आणि आता तुमच्याकडे वळतो. खाली बघू नका, मी कुणाचं नाव घेणार नाही. या मांडवात बसलेल्या प्रत्येकाला एक दार ठाऊक आहे, जिथं जायचं राहिलंय. कुणाच्या मरणाला जायचं राहिलं, कुणाच्या आजारपणाला, कुणाचं पोर वाया गेलं तेव्हा. आपण म्हणतो, त्यांना त्रास नको. आणि मग म्हणतो, आता कुठल्या तोंडानं जाऊ? अहो, देवानं एकच तोंड दिलंय ना? ज्या तोंडानं इथं देवापुढं येऊन बसलात, त्याच तोंडानं तिकडेही जा. समोरचं माणूस रडेल, शिव्या देईल, कदाचित दार लावून घेईल. त्याला काय करायचं ते तुमच्यासमोर करू दे. वाट बघून बघून त्याचं रडू आटल्यावर गेलात, तर चांगल्या कपबशीत चहा मिळेल.

चला, आरतीला उभे राहा. आणि मी बोलत असताना ज्यांच्या मनात एक नाव आलं, त्यांनी आरती झाल्यावर माझ्या पाया पडायला रांगेत थांबू नये. त्यांनी आधी स्टँडवर जाऊन गाडीची वेळ विचारावी.