सात म्हणजे किती

(लालबागची चाळ, गिरणी संपाला तीस वर्षं झालेली. आजी सुभद्रा कोळंबी सोलते आहे; नातू हरेश्वर लॅपटॉपसमोर.)

सुभद्रा : चार दिवस बघतेय, मागच्या जिन्याने ये-जा करतोस चोरासारखा. आणि नळावर शांता माझ्याकडे पाठ करून उभी. काय केलंस तिच्या पोराचं, आनंदचं?

हरेश्वर : काही नाही गं. त्याच्या टीमने व्हिडिओ गेम बनवला. मी आमच्या साइटवर रिव्ह्यू लिहिला. दहापैकी सात दिले.

सुभद्रा : म्हणजे सत्तर टक्के. तुला दहावीला बावन्न पडले तर मी अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. शांताला एवढं फुगायला काय झालं?

हरेश्वर : शाळेचं वेगळं. गेमला आठच्या खाली मिळाले तर कोणी हात लावत नाही.

सुभद्रा : मग खालचे सात आकडे ठेवलेत कशाला, शोभेला?

हरेश्वर : साइटवर लिहिलंय ना, पाच म्हणजे मध्यम, सात म्हणजे चांगला.

सुभद्रा : आणि वाचणारा सातला काय समजतो?

हरेश्वर : भंगार.

सुभद्रा : हे तुला ठाऊक होतं.

हरेश्वर : सगळ्यांनाच ठाऊक असतं, आजी. सगळ्या साइट्सची सरासरी आठ आली असती तर कंपनी त्यांना गेमचा दुसरा भाग बनवायला देणार होती. माझे सात पडले आणि ती खाली आली. आता टीमच बंद करतायत.

सुभद्रा : खेळ कसा होता? मला खरं सांग.

हरेश्वर : पहिला तास मस्त. मग तेच तेच. खरं म्हणजे पाचचा. मित्र म्हणून दोन वाढवले.

सुभद्रा : केवढा दानशूर रे माझा नातू.

हरेश्वर : टोमणे नको मारू.

सुभद्रा : संपाआधी माझ्या खाणावळीत पस्तीस गिरणीवाले जेवायचे. जो ‘ठीक आहे वहिनी’ म्हणून हात धुवायचा, तो एक तारखेला दुसरीकडे पाटावर बसलेला दिसायचा. ठीक म्हणजे काय ते मला नको शिकवू. कुशाबा तेवढा पहिल्या घासाला ओरडायचा, आमटीत मीठ कुठाय म्हणून. मेल्याची जीभ हासडावीशी वाटायची. पण पातेलं चुलीवर असायचं, मी मीठ घालायची. अकरा वर्षं जेवला माझ्याकडे.

हरेश्वर : पण माझ्यापर्यंत आला तेव्हा गेम बाजारात होता. मी बोलून काय बदलणार होतं?

सुभद्रा : त्याआधी दाखवलान नाही तुला? लहानपणापासून एका ताटात जेवलात.

हरेश्वर : दाखवला होता. गणपतीत, इथेच बसून. बाजारात यायला सहा महिने होते तेव्हा.

सुभद्रा : काय म्हणालास?

हरेश्वर : एक नंबर.

सुभद्रा : तेव्हाही तेच तेच होतं?

हरेश्वर : हो. पण तो एवढ्या खुशीत होता. म्हटलं, करेल त्याचं तो.

सुभद्रा : हं.

हरेश्वर : आजी, सातचे आठ करू का? संपादक माझं ऐकेल.

सुभद्रा : आकड्याला हात लावू नकोस. दुरुस्त करायला त्याच्या हातात सहा महिने होते, तेव्हा गोड बोललास. आणि जगासमोर मोजायला बसलास, तेव्हाही खरं नाही सांगितलंस. शांता मला पाठ दाखवते ते बरोबरच आहे तिचं. तू भित्रा निघालास, हरेश्वर.