भट्टीवरचा अभंग

(वेंगुर्ल्यातला काजूचा कारखाना, १९६२. भट्टीवर बिया भाजणारे बाबलीकाका, मॅनेजर प्लासिद, आणि सोलणीवरून भाजणी शिकायला आणलेली सुगंधा.)

प्लासिद : तरी पण किती मिनिटं, बाबलीकाका? वहीत काहीतरी लिहायला हवं.

बाबली : मिनिटा खंयची, सायबानू? मी अभंग म्हणतंय. शेवटचा कडवा इला की बियो भायर.

प्लासिद : घड्याळ लावून बघितलं. काल तुमचा अभंग अडीच मिनिटांत संपला, आज साडेतीन.

बाबली : आज बियो दमट आसत. अभंग आपसूक लांबता.

सुगंधा : मीय तोच म्हटलंय, काका. तुमच्याच चालीत. माजो घाणो जळलो.

बाबली : तू बरा गायलंस गो, थंयच चुकलंस! कीर्तनात बुवा गाता, पण कान आपल्या आवाजार नाय, मृदंगार ठेवता.

सुगंधा : मगे हयसर मृदंग खंय आसा?

बाबली : ह्या भाजूच्या ड्रमात. बियो तडतडतत, मगे जरा गप जातत... नाय, गप नाय. वास बदलता. नायतर ड्रम फिरवूचो दांडो हलको लागता... कसा सांगू!

प्लासिद : आवाज, वास की दांडा? काका, शनिवारी तुम्ही मुलाकडे मुंबईला चाललात. डॉक्टर म्हणतात, धूर आता एक दिवसही नको. आणि मालक म्हणतात, घाणे असेच जळले तर भट्टी बंद, बिया कच्च्याच विकायच्या. सोलणीच्या चाळीस बायांना मी काय सांगू?

सुगंधा : चाळीसात मीय आसंय, काका.

बाबली : मी काय लपवतंय गो? अभंग माका हरदासबुवांनी शिकवल्यानी. ह्या कोणी शिकवूकच नाय. ये, दांडो धर. माजो हात तुज्या हातार. जां जाता तां बोलान दाखवतंय. ही बग, तडतडली... आता... थांब, आयकतंय. वास... नाय, अजून नाय... आता? नाय...

सुगंधा : काका, धूर काळो इलो!

प्लासिद : काढा! आधी बाहेर काढा!

सुगंधा : सगळो कोळसो.

प्लासिद : काका, तुमचा घाणा?

बाबली : पंचवीस वर्सांत पयलो.

प्लासिद : असू दे, दुसरा घाला. काही सांगू नका, काही दाखवू नका. रोजच्यासारखे भाजा. आम्ही नुसते उभे राहतो.

सुगंधा : म्हणा, काका.

बाबली : म्हणतंय गो. पण आता माका माजोच आवाज आयकाक येता.