क्लब विकायला निघाला तेव्हा

मी मूळचा कोल्हापूरचा, पेठेतला. आता फुटबॉल म्हटल्यावर बाहेरची माणसं हसतात, कोल्हापूर म्हणजे कुस्ती आणि तांबडा-पांढरा एवढंच त्यांना ठाऊक, पण आमच्याकडं पेठापेठांचे संघ, दोन पेठांची मॅच असली की जेवणाच्या ताटावर भांडणं व्हायची. आमचे वडील उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर होते, दिवसभर भट्टीपुढं उभं राहून घरी यायचे आणि पहिलं काय विचारायचे तर, आज पेठेचं काय झालं? मी लेफ्ट बॅक खेळायचो. लई चांगला नव्हतो, पण मागं हटायचो नाही. आयटीआय केलं फिटरचं, मग एका एजंटानं सिंगापूरला आणलं, ते जुरोंग आयलंडवर रिफायनरीच्या शटडाउनच्या कामाला. कंपनीची बस, गळ्यात पास, अंगावर सेफ्टी हार्नेस. अशी अठरा वर्षं गेली बघा. पीआर झालो, म्हणजे इथं कायम राहायची परवानगी मिळाली, शैलाला आणलं, रेवा इथंच जन्मली, जुरोंग वेस्टला फ्लॅट घेतला. काय सांगू तुम्हाला, माणूस दोन वर्षांसाठी म्हणून येतो आणि तिथंच म्हातारा होतो.

आमच्या ब्लॉकपासून चालत दहा मिनिटांवर क्लबचं मैदान. त्याचं नाव मी घेत नाही, आता बदललंयच ते, पण लोक नुसतं ग्रीन म्हणायचे, जर्सी हिरवी म्हणून. सुट्टीच्या दिवशी मी कुंपणाबाहेर उभा राहून प्रॅक्टिस बघायचो. तिथं मॅनेजर होते रहीम, पूर्वी त्याच क्लबचे कॅप्टन, सगळे त्यांना आबांग म्हणायचे, मलायमध्ये आबांग म्हणजे थोरला भाऊ. एकदा त्यांनी मला आत बोलावलं, म्हणाले, रोज बाहेरून काय बघतोस, आत ये आणि बॉलमध्ये हवा भर. तेवढ्यावर सुरू झालं बघा. पुढं माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, शिडी चढणं बंद, आयलंडवरची नोकरी गेली, चार महिने घरात बसून होतो, शैला एकटी कमवत होती, एका चाइल्डकेअरमध्ये होती ती, आणि मी तिला तोंड दाखवायला लाजायचो. तेव्हा आबांग घरी आले. म्हणाले, सुभाष, किटमन पाहिजे, येतोस? किटमन म्हणजे काय, तर जर्सी धुवायच्या, बुटांचे स्टड बघायचे, मोजे जोडीनं लावायचे, मॅचच्या आधी प्रत्येकाच्या जागेवर त्याचं त्याचं सगळं मांडून ठेवायचं. बायकांचं काम म्हणून गावाकडं कुणी हसलंही असेल. मला हसू आलं नाही. माझं घर त्यावर उभं राहिलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढं मी त्या माणसाशी कसा वागलो ते सांगणार आहे.

क्लबचा मालक मोठा व्यापारी होता, त्याचे बाकीचे धंदे बुडाले आणि त्याबरोबर आम्हीही. दोन महिने पगार नाही, मग एके दिवशी कळलं की कोर्टानं क्लब आपल्या ताब्यात घेतला आणि कारभार बघायला एक बाई नेमली. मिस लिम. बारीक अंगाची, चपट्या चपला, आवाज कधी चढवायची नाही. तिनं पहिल्या दिवशी वॉशिंग मशीनपासून गोलपोस्टच्या जाळ्यापर्यंत सगळ्यावर नंबरांची स्टिकरं लावली. आम्हाला बसवून सांगितलं, कुणीतरी क्लब विकत घेतला तर चालू राहील, नाहीतर सीझन संपायच्या आत बंद. मी विचारलं, बंद म्हणजे? म्हणाली, बंद म्हणजे बंद. वाईट वाटून म्हणाली नाही आणि खडसावूनही नाही. दमलेली होती तीसुद्धा.

मी पीआर, मला काय, दुसरीकडं कुठं तरी लागलो असतो. पण आमचा गोलकीपर केंजी, जपानचा, त्याची बायको आठव्या महिन्यात होती. त्याचा इथं राहून काम करायचा पास क्लबच्या नावावर. क्लब गेला की पास गेला, पास गेला की देश सोडायचा, आणि त्या पोरीला डॉक्टरनं विमानात बसायचं नाही म्हणून सांगितलेलं. केंजी माझ्याकडं ग्लोव्हज घ्यायला यायचा आणि दारातच उभा राहायचा. सुभाष-सान, काय ऐकलं का? मी म्हणायचो, काही नाही रे बाबा. रोज तेच, रोज तेच.

मग गिऱ्हाइकं आली, दोन. एक आबांग स्वतः. जुने खेळाडू, स्टँडमध्ये बसणारे जुने प्रेक्षक आणि त्यांच्याबरोबर फ्रोझन मासळीचा एक मोठा व्यापारी, असे मिळून क्लब घ्यायचा, नाव तेच, रंग तोच. दुसरी परदेशी कंपनी, चार देशांत त्यांच्या फुटबॉल अकादम्या, आणि त्यांच्याकडून सगळं बघायला आला होता तो कोण, तर पुण्याचा अनिरुद्ध. मी मशीनजवळ उभा राहून फोनवर शैलाशी बोलत होतो, अगं कोथिंबीर आणतो, विसरत नाही, आणि मागून आवाज आला, काका, तुम्ही मराठी? गोरा, चष्मा, इथंच पाया लेबार भागात ऑफिस. पोरगा वाईट नव्हता हो. मला कॉफीला घेऊन गेला, आईची चौकशी केल्यासारखी माझ्या गुडघ्याची चौकशी केली. म्हणाला, काका, खोटं सांगत नाही, नाव बदलणार, रंग बदलणार, भगव्याच्या जवळपास काहीतरी येईल. पण सगळ्या स्टाफला आणि पगारी खेळाडूंना दोन वर्षं नोकरी, लेखी. मी विचारलं, आणि क्लबची पोरींची टीम आहे, बिनपगारी खेळतात, तिचं काय? म्हणाला, ती चालू ठेवायचा पूर्ण प्रयत्न. मग हळूच म्हणाला, काका, समोरच्यांचं कितपत खरं आहे? मी म्हटलं, ते मला विचारू नकोस. नाही विचारत म्हणाला, आणि नाही विचारलं परत.

पण मला ठाऊक होतं. तेच तर. दोनच दिवस आधी आबांग किटरूममध्ये येऊन बाकड्यावर बसले होते, बुटांच्या रांगेकडं बघत. म्हणाले, सुभाष, मासळीवाला मागं हटला. मी म्हटलं, मग? म्हणाले, मग काय, दुसरा कुणीतरी शोधतो, कागदावर त्याचं नाव अजून आहे, एकदा क्लब हातात येऊ दे, लोक उभे राहतील. तू गप्प राहा. मी म्हटलं, राहतो.

आता सांगा तुम्ही, काय करायचं माणसानं? क्लब त्यांना मिळाला आणि पैसा उभा राहिला नाही, तर तोवर दुसरं गिऱ्हाईक निघून गेलेलं. मिस लिमनं बोलावलेली सगळ्यांची मीटिंग शुक्रवारी, मला मंगळवारी हे कळलेलं. मधले तीन दिवस मी जर्सी धुतल्या, वाळत घातल्या, घड्या केल्या. शैलाला सांगितलं, ती म्हणाली, अहो, त्यांना फोन करा, भावासारखे आहेत ते, सरळ सांगा. मी हो म्हटलं. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. असं किती वेळा केलं ते मोजलं नाही.

शुक्रवारी क्लबहाउसमध्ये सगळे. मिस लिम म्हणाली, निर्णय माझा आहे, पण स्टाफला काय वाटतं ते मला ऐकायचंय. कोच बोलला, ग्रीन राहू दे. ऑफिसातली बाई बोलली, ग्रीन राहू दे, आणि डोळे पुसले. टाळ्या झाल्या. आबांग पुढच्या रांगेत, क्लबचा टाय घालून आलेले. केंजी भिंतीला टेकून उभा, त्याला निम्मं कळत होतं, निम्मं नाही. मग मिस लिमनं माझ्याकडं बघितलं, आणि मी उठलो, आणि खरं सांगतो, उठेपर्यंत मला माहीत नव्हतं मी काय बोलणार. मी म्हटलं, आबांग, मासळीवाला अजून आहे का तुमच्याबरोबर?

आबांग खुर्चीतून उठले.

त्यांना खोटं बोलता आलं असतं. बोलले नाहीत. मागं वळून माझ्याकडं बघितलं, मग मिस लिमकडं, आणि म्हणाले, नाही, नाही आहे. बसले. मिस लिमनं वहीत काहीतरी लिहिलं. पुढच्या आठवड्यात क्लब कंपनीला गेला.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. केंजीला मुलगी झाली, इथंच, दोघी सुखरूप, पहिला फोटो त्यानं मला पाठवला. पगार वेळेवर सुरू झाले. कुणाची नोकरी गेली नाही. पण पोरींची टीम एका सीझननंतर बंद केली, ते लेखी नव्हतं ना. अठरा जणी होत्या. त्यांचं किट मीच खोक्यांत भरलं. अनिरुद्धला फोन केला तर म्हणाला, काका, मला खरंच वाईट वाटतंय, पण आता तो निर्णय माझ्याकडं नाही. वाटतही असेल वाईट. स्टँडमधल्या जुन्या लोकांनी मला बघून तोंडं फिरवली. हॉकर सेंटरमधली, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांतली चहावाली आँटी, जी मला बघितलं की न सांगता ते-ओ, बिनदुधाचा चहा करायची, ती सुद्धा विचारायला लागली, काय पाहिजे? रेवा इथल्या पोरांसारखी म्हणायची, पपा, यू डिड नथिंग राँग, लाह.

आबांग वर्षभर बोलले नाहीत. शैलानंच शेवटी हरी रायाला मला तयार केलं, त्यांच्या ईदला, डब्यात करंज्या भरून दिल्या. त्यांच्या बायकोनं दार उघडलं, आत बोलावलं, केक पुढं केला. आबांग आले, समोर बसले. केस लई पांढरे झालेले. डब्याचं झाकण काढून बघितलं. मग म्हणाले, तू विचारलंस ते बरोबरच होतं, मी सगळ्यांना घेऊन बुडालो असतो. मी मान खाली घातली. म्हणाले, पण तीन दिवस होते तुझ्याकडं. एक फोन केला असतास. मी म्हटलं, आबांग, तुम्ही नको म्हटलं असतं. म्हणाले, हो, नको म्हटलं असतं, ओरडलो असतो तुझ्यावर. पण तू केला असतास.

मी केक खाल्ला. त्यांनी करंजी खाल्ली, चांगली झालीय म्हणाले. निघताना दारापर्यंत आले, लिफ्टचं बटन त्यांनीच दाबलं.

आता दोन वर्षांचा करार संपत आलाय. वाढवतील की नाही कुणी सांगत नाही. कंपनी परत विकायला काढणार अशीही कुजबुज आहे, मी कान देत नाही. दुसरा गुडघाही बोलायला लागलाय. गावाकडं जायचं म्हटलं तर तिथं आता कोण आहे, आणि इथं राहायचं म्हटलं तर करायचं काय. आबांग आता सणावाराला फोन करतात, मीही करतो, हवापाण्याचं बोलतो. पहिल्यासारखं नाही, पण आहे. त्या अठरा जणींतल्या दोघी-तिघी दुसऱ्या क्लबात खेळतात असं ऐकलं, बरं वाटलं, बाकीच्यांचं काही कळलं नाही. देव करो आणि त्याही कुठं तरी खेळत असोत. तुम्ही एवढं ऐकून घेतलंत, तुमचं भलं होवो. आणि कुणाला फोन करायचा राहिला असेल ना, तर करून टाका.