सातविणीच्या खिंडीत बंद पडलेली गाडी

ऐका हं. मध्ये कुणी उठायचं नाही. आणि तो कंदील जरा मोठा करा.

माझा भाचा वासू परब. त्याची चार वर्षांची लेक चिमी. तिची आई माहेरी लग्नाला पुढं गेलेली, ही दोघं दुपारी निघायची होती. पण गाडीची बॅटरी मेली! वासूनं नवी आणली, आपल्याच हातानं बसवली, नि निघाला दिवेलागण उलटल्यावर. मी म्हटलं, "वाशा, हमरस्त्यानं जा." नाही! खिंडीतून जवळ पडतं म्हणे.

खिंडीत पहिल्याच वळणावर एक्सलरेटरवरचा पाय काढला, नि गाडी बंद. चालू केली. पाय काढला, बंद. असं करत करत ऐन खिंडीत अडकला.

त्यानं गॅरेजवाल्या नझीरला फोन लावला.

"बॅटरी काढलेलीस ना? मग गाडीचा कॉम्प्युटर सगळं विसरला. पाय न लावता इंजिन कसं चालू ठेवायचं तेच त्याला आठवत नाही. दिवे बंद, एसी बंद. चालू कर नि दहा मिनिटं एक्सलरेटरला पाय लावू नको. आपोआप शिकेल."

एवढ्यात रेंज गेली.

दिवे बंद! त्या काळोखात! ऐकताय ना?

वासूनं चालू केली. इंजिन नुसतं धापा टाकतंय. आवाज वर, आवाज खाली. हा पाय आखडून बसलेला.

ठक्! काचेवर. बघतो तर कुणी नाही. ठक्! छपरावर. मग बाहेरून हाक, अगदी बायकोच्या आवाजात, "चिमे, ये गं! किती उशीर केलात!"

चिमी जागी झाली. "आई आली!" दाराकडेच झेपावली पोर! वासूनं तिला ओढून पोटाशी धरली.

"ती आई नाही, बाळा."

"आईच आहे!"

पोर रडतेय, बाहेरची हाका मारतेय. मन म्हणतंय, दाब नि पळ! पण पळून जाणार कुठं? पुढच्या वळणावर परत बंद.

तेवढ्यात फोन वाजला. नझीर! "झालं रे वाशा, शिकली गाडी. दाब आता."

अहो, पाय पुढं नेलासुद्धा त्यानं! आणि फोनकडे नजर गेली. रेंजची एक काडी नव्हती. एकसुद्धा नाही! मग बोलतंय कोण?

फोन मागं भिरकावला. डोळे मिटले. पाय सीटवर घेतले.

हळूहळू धापा थांबल्या. आवाज खाली आला, एकसारखा झाला, झोपलेल्या मांजरासारखा. वासूनं दिवे लावले, गिअर टाकला. वळण आलं, पाय काढला. चालूच! पुढचं वळण. चालूच! मागं काहीतरी थपथप धावत होतं, ते खिंडीच्या तोंडाशी थांबलं.

लग्नघरी बायको धावत आली. यानं आधी तिचे पाय बघितले. टाचा मागंच होत्या, माणसासारख्या! मग मटकन पायरीवर बसला नि हसत सुटला.

"अहो, झालं काय?" ती विचारतेय, आणि चिमी तिच्या खांद्यावर गाढ झोपलेली.

सुटली बापडी दोघं. पण तुम्ही? काळोख पडला की लांबचा रस्ता धरायचा. त्या खिंडीचं नाव काढायचं नाही.