संतोषचं हत्यार

आमच्या संतोषला चितेगावच्या मळ्यातली वानरं हुसकवायची होती. प्लास्टिकचे छर्रे उडवणारं एअरसॉफ्ट पिस्तूल घ्यायचं ठरलं. "स्प्रिंगवालं पोरंसोरं घेतात," म्हणत त्यानं गॅसवालंच घेतलं. मग सहा महिने नळी बदल, व्हॉल्व्ह बदल. कुणी हसलं की म्हणायचा, "खेळणं नाय हे, हत्यार हाय!"

त्याच्या आईला ते पटलं. दसऱ्याला तिनं ते कोयत्याशेजारी पूजेत मांडलं आणि दही-दुधानं न्हाऊ घातलं.

दुसऱ्या दिवशी मळ्यात संतोषसाहेबांनी नेम धरला. फुस्स झालं आणि नळीतून दही गळालं. वानर जागचं हललं नाय.

घरी येऊन संतोष खेकसला, "आई, खेळण्याला कुणी दही घालतं का?"

आई म्हणाली, "खेळणं हाय व्हय? वानराला कवाच कळलं होतं, मलाच उशीर झाला."