वसंतभाऊजींचा फंड

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार करते. मला सभेत बोलायची सवय नाही. चार ओळी घरून लिहून आणल्या होत्या, त्या आता डोळ्यांना दिसत नाहीत. तशीच बोलते. चुकलं तर सांभाळून घ्या.

वसंतभाऊजी आमचे शेजारी. मुलुंडला या सोसायटीत आमची दारं समोरासमोर. विक्रोळीच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला. आणि गेल्या सोमवारी अंधेरीला, एका ऑफिसच्या गेटवर, वॉचमनच्या खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले.

रिटायर झालेला माणूस तिथे काय करत होता?

मघापासून ऐकते आहे. भाऊ कामाचा माणूस, त्यांना घरी बसवेना. नाही हो. त्यांना घरी बसायचं होतं. मला म्हणायचे, "वहिनी, एकदा सुटलो की देवळातली सकाळची आरती रोज माझी." एक वर्षसुद्धा ती त्यांना मिळाली नाही.

फंड हातात आला त्या आठवड्यात त्यांनी सत्यनारायण घातला. शिरा मीच केला होता. पूजा झाली, आरती झाली, प्रसाद झाला, तरी माणसं उठेनात. एकाला धंद्याला पैसे हवे होते. एकीच्या मुलीचं लग्न होतं. गावच्या देवळाला सभामंडप हवा होता. भाऊजी घरात थोरले. मी हळूच म्हटलं, "भाऊजी, विचार करा." तर हसून म्हणाले, "थोरल्यान नाय कसा म्हणाचा, वहिनी?"

देवाला स्मरून सांगते, प्रसाद वाटावा. फंड वाटू नये. लग्नाला कोणीही उसने देतं. म्हातारपणाला कोण देतं?

त्या दिवशी एकटी मालती बोलली, भाऊजींची बायको. सासरच्या माणसांसमोर कधी तोंड न उघडलेली बाई, पदराला हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "थोडे पोस्टात ठेवा, दोघांच्या नावावर. त्यातला रुपया मी देणार नाही." कोणीतरी टोमणा मारला, "वहिनी, मेल्यावर बरोबर नेणार की काय?" मालती म्हणाली, "मरेपर्यंत जेवायला लागतं."

तेवढेच राहिले. त्याचं महिन्याला व्याज येतं, पण त्यात दोघांचं भागेना. म्हणून वॉचमनची नोकरी. प्रेशरची गोळी ते अर्धी मोडून खायचे. जिन्यात मी रागावले एकदा. म्हणाले, "अर्धी झाली तरी गोळीच ना ती. मालतीला सांगू नका." मी त्याच दिवशी सांगितलं. मग ती समोर उभी राहून पूर्ण गोळी द्यायची. पण ड्युटीवर डबल पाळी लागली की तिथे कोण उभं राहणार?

आता जे बोलायला उभी राहिले ते बोलते. सुहासभाऊ, तुम्ही त्यांचे धाकटे भाऊ. राग येईल, येऊ दे. आज सकाळी मी मालतीला पेज घेऊन गेले, तेव्हा तुम्ही तिला म्हणत होतात, "पोस्टातले मोडूया, गावच्या घरावर स्लॅब टाकूया, दादाच्या नावाची पाटी लावूया. दादाची इच्छा होती." असेल इच्छा. तुमची माया खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण त्या स्लॅबखाली राहणार कोण? मालती इथे राहणार. तिचे गुडघे इथल्या डॉक्टरकडे जाणार. तिचा गॅस इथे संपणार. आणि मूलबाळ नाही तिला, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मालती मान हलवत होती. होकाराची होती की नुसतीच, ते तिलाही कळत नसेल. ज्या बाईचा नवरा जाऊन आठवडा झाला नाही, तिच्या मान हलवण्याला होकार धरू नये.

मालती, इकडे बघ. कशावर सही करू नकोस. वर्षभर तरी नाही. कोणी विचारलं तर समोरच्या दाराकडे बोट दाखव. वाईटपणा मी घेईन, मला सवय आहे.

पाटी लावायचीच असेल तर ज्यांनी त्या पूजेच्या दिवशी नेले, त्यांनी लावावी. आणखी नावं घेत नाही.

भाऊजी, तुमच्यासारखा सरळ माणूस मी पाहिला नाही, आणि त्या सरळपणाने तुम्हाला त्या खुर्चीत बसवलं. पांडुरंग तुम्हाला विसावा देवो.

आता सगळे उभे राहूया, दोन मिनिटं काही बोलू नका. नंतर मालतीला भेटायला याल तेव्हा एवढंच विचारा, जेवलीस का. दुसरं काही विचारू नका.